आमची वाटचाल : एक मिलिमीटर जाड तार

आमच्या आबांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात कमानपाट्याचं, म्हणजे गाडीखालच्या पोलादी पानांच्या स्प्रिंगचं, दुकान होतं. उसाचे ट्रक, वडापच्या जीपा, कधी एखादा टेंपो. तुटलेलं पान काढायचं, नवं भट्टीत तापवायचं, ऐरणीवर त्याला कमान द्यायची, तेलात बुडवायचं. ट्रकवाला "आबा, हंगामात बसतीया गाडी" म्हणाला की आबा एक पान वाढवायचे. आठाची नऊ झाली, विषय संपला. हेच बघत मोठा झालो, त्यामुळं डिप्लोमा झाला तरी माझ्या डोक्यात एवढंच पक्कं होतं : गाडी बसते, झुकते, डुलते, तर स्प्रिंग वाढवा. ते डोक्यातून निघायला एका गिऱ्हाइकाचं अलॉय व्हील खर्ची पडलं.

सुरुवात मोटारसायकलच्या शॉकअपपासून. मी, आमचे फिटर मामा (हे आबांकडं घण मारायचे) आणि शेजारच्या शेडमधला लेथवाला. दांड्याला चरे पडले की घासून क्रोम करून आणायचा, सील बदलायचं, तेल भरायचं. पैसा बरा सुटायचा. मग फाउंड्रीवाल्यांच्या पोरांच्या गाड्या येऊ लागल्या. २०१६ मध्ये मस्टँग भारतात आली, पण त्याच्या आधीपासूनच मुंबई-पुण्याच्या सेकंडहँड स्पोर्ट्स कार इकडं उतरायला लागल्या होत्या. कोल्हापूरला गाडीचा नाद आहे, हे आम्ही वेगळं काय सांगणार.

आमच्याकडं आलेली पहिली, एक जपानी टू-डोअर. मालक पंचविशीतला. आंबोलीच्या वळणांवर गाडी झुकते, थोडी खाली घ्या आणि कडक करा, एवढीच त्याची मागणी. मूळ स्प्रिंगची तार १२ मिलिमीटरची. मी स्प्रिंगवाल्याकडून तशीच, पण १३ च्या तारेची गुंडाळून घेतली आणि गाडी ३० मिलिमीटरनं खाली बसवली. एका मिलिमीटरनं काय होतंय, असा हिशोब. आबांच्या एका पानाएवढा.

निपाणीपर्यंत हायवेला गाडी रुळावर असल्यासारखी गेली. पोरानं तिथूनच फोन केला, "नाद खुळा!" दुसरा फोन आंबोलीतून आला. उतारावरच्या डाव्या वळणात डांबराची ठिगळं लावलेला पट्टा होता. त्यावर मागचं चाक उडालं, गाडी सरकली. त्यानं सावरली, पण पुढचं व्हील कठड्याला लागलं. माणसाला खरचटलंही नाही. व्हीलचे पैसे मी भरले आणि त्या रात्री माळ्यावरून डिप्लोमाचं पुस्तक काढलं.

पुस्तकात सगळं होतं. गुंडाळीच्या स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. १२ ची १३ केली की ३८ टक्के. आठ सारख्या पानांत एक वाढवलं तर साडेबारा टक्केच. परीक्षेत हे सूत्र मी लिहून आलो होतो, मार्कही पडले होते! दुसरी चूक त्याहून मोठी. चाकाला वर यायला गाडीत साधारण ६० मिलिमीटर जागा होती, त्यातली निम्मी मी गाडी खाली घेऊन खाल्ली. उरलेल्या जागेत रस्त्याचा उंचवटा मावला नाही आणि शॉकअप बंपस्टॉपवर, म्हणजे चाकाची वरची हालचाल जिथं संपते त्या रबरी ठोकळ्यावर, जाऊन बसला. बंपस्टॉपवर बसलेल्या चाकाला स्प्रिंग असून नसल्यासारखी. भर वळणात असं झालं की टायर रस्ता सोडतो. त्यात शॉकअप जुनाच, मूळ स्प्रिंगच्या मापाचा. नव्या स्प्रिंगची उसळी त्याला आवरेना.

शॉकअपकडं आम्ही खऱ्या अर्थानं बघायला लागलो ते तेव्हापासून. आत पिस्टन असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नाण्यासारख्या पातळ पोलादी चकत्यांची चळत. चाक हललं की तेल या चकत्या वाकवून वाट काढतं. एका बाजूची चळत दाबताना अडवते, दुसरी सुटताना. चकत्या ०.१०, ०.१५, ०.२० मिलिमीटरच्या. ०.१५ च्या जागी ०.२० ची टाकली की ती एकटी चकती दुपटीहून जास्त ताठ. बोटाला फरक कळत नाही, मायक्रोमीटर लागतो. मामांनी पहिल्यांदा ती चळत तळहातावर घेतली, उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "आबांचाच पाटा की रं ह्यो. निस्ता बारीक झालाय."

पण शॉकअप हातानं दाबून काही समजत नाही. विकतचं टेस्टिंग मशिन आवाक्याबाहेर. मग उद्यमनगर कशाला आहे? ३ एचपीची मोटर, गिअरबॉक्स, क्रँक, जोर मोजायला एक लोडसेल. क्रँकचा स्ट्रोक ५० मिलिमीटर. मिनिटाला १०० फेरे दिले की शॉकअपच्या दांड्याचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त २६० मिलिमीटरपर्यंत जातो. पहिल्याच दिवशी पायाचे बोल्ट उपटून मशिन शेडभर नाचलं, लेथवाला बाहेर पळाला. दुसऱ्या खेपेला काँक्रीट ओतलं. ते अजून चालू आहे.

आमचं नाव झालं ते एका जर्मन टू-सीटरमुळं. इंजिन सीटच्या मागं असलेली गाडी, मालक गोकुळ शिरगावातले कारखानदार. आधीच्या मालकानं दुसऱ्या शहरात कॉइलओव्हर बसवून घेतलेले, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच. साहेबांची तक्रार अशी की गगनबावड्याच्या रस्त्याला ८० च्या वर गाडी हातात राहत नाही, आणखी कडक करता येईल का बघा. वहिनींची वेगळी. त्या स्वतः शेडमध्ये आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, हिच्यात बसण्यापेक्षा मी वडापनं जाईन." दोघांना वाटत होतं, एकाचं ऐकलं की दुसऱ्याचं मोडणार.

चार चाकांखाली चार काटे लावून आम्ही गाडी तोलली. ड्रायव्हरच्या वजनासाठी सीटवर वाळूच्या पिशव्या ठेवतो. आधी गुळाचे रवे ठेवायचो, हाताशी तेच होते, पण एका गाडीच्या सीटमध्ये मुंग्या शिरल्या आणि तो उद्योग बंद केला. चाकं-ब्रेकचं वजन वजा करून पुढच्या प्रत्येक कोपऱ्यावर २६० किलो आले, मागं ३४०. स्प्रिंगा पुढं मिलिमीटरला ६० न्यूटनच्या, म्हणजे एक मिलिमीटर दाबायला ६० न्यूटन जोर लागणाऱ्या, मागं ७०. यावरून एक आकडा निघतो : कोपरा दाबून सोडला तर सेकंदाला किती वेळा वरखाली होईल. आरामशीर घरगुती गाडीचा १ ते १.५. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारचा दीड ते दोन. त्याच्या वर रेसिंगचा मुलूख. या गाडीचा पुढं २.४, मागं २.३. गुळगुळीत ट्रॅकवर ठीक आहे. गगनबावड्याला जाताना टायर रस्त्याला टेकण्यापेक्षा हवेतच जास्त.

आणखी एक. उंचवट्यावर पुढचं चाक आधी जातं, मागचं नंतर. मागची हालचाल पुढच्यापेक्षा थोडी जलद असली तर ती मागून येऊन पुढचीला गाठते आणि गाडी एकसारखी वरखाली होऊन शांत होते. उलटं असेल तर नाक-शेपूट, नाक-शेपूट. हे मॉरिस ऑली या इंजिनिअरनं १९३० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये असताना मांडून ठेवलंय. आमच्यापर्यंत पोचायला तेवढा वेळ लागला.

पुढं २६, मागं ४० च्या स्प्रिंगा घातल्या. आकडा पुढं १.६, मागं १.७. साहेब बघतच राहिले. "कडक करायला आणली, तुम्ही निम्मी करताय? आणि पैसे घेणार?" म्हटलं, घेणार. उंची मूळ मापावर आणली, त्यामुळं चाकाला जागा परत मिळाली. वळणातला झोक स्प्रिंगनं नाही, जरा जाड अँटिरोल बारनं, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या पोलादी दांडीनं, आवरला. तो बारही चौथ्या घाताचाच गुलाम, म्हणून या वेळी एक मिलिमीटर वाढवायच्या आधी तीनदा हिशोब केला. शॉकअप उघडले तर सुटतानाचा अडथळा भलताच. म्हणजे ओळीनं चार खड्डे आले की चाक परत खाली यायच्या आत पुढचा खड्डा, आणि गाडी थोडी थोडी करत बंपस्टॉपवर जाऊन बसणार. वहिनींच्या पाठीचं दुखणं आणि साहेबांच्या हातून सुटणारं स्टिअरिंग, दोन्हींचं मूळ त्या चळतीत होतं. चकत्या बदलल्या, मशिनवर चारही शॉकअपचे आलेख जुळेपर्यंत दोन दिवस गेले.

लोअर आर्मची, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या सांध्यातली, रबरी बुशं पार चिरलेली होती. पॉलियुरेथेनची घाला, असं हल्ली सगळेच सांगतात. आम्ही रस्त्याच्या गाडीला रबरीच घालतो. पॉलियुरेथेनची ग्रीस संपली की कुंईकुंई करतात आणि रस्त्याचा खडखडाट आत आणतात. इथं एक गोष्ट नवीन पोरांना मामा पहिल्या दिवशी दाखवतात. बुशाचा बोल्ट गाडी जॅकवर लोंबकळत असताना शेवटचा आवळायचा नाही. तसा आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. आधी चाकांवर पूर्ण वजन घ्यायचं, मग खाली शिरून टॉर्क रेंच लावायचा आणि बोल्टावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. रेघ नसेल तर बोल्ट आवळला नाही असं धरायचं, मग तो मी आवळलेला का असेना.

पुढच्या रविवारी दोघं गगनबावड्याला जाऊन आले. साहेब वळणांबद्दल बोलत होते, बराच वेळ. वहिनींना येताना झोप लागली होती. त्यांच्या बंगल्याच्या फाटकाच्या चढाला गाडीचं पोट मात्र अजून घासतं. त्याला आमच्याकडं इलाज नाही, गवंडी बोलवा म्हटलं.

२०१९ हे वर्ष विचित्र गेलं. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वरचा निकाल आला, मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत असा. फोन बंदच झाले. आमचा नियम आम्ही तेव्हाच भिंतीवर लिहिला : काही कापायचं नाही, वेल्डिंग नाही, मूळ उंची सोडायची नाही, मूळ सुटे भाग बांधून गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायचे. "खाली करा" म्हणणारी गिऱ्हाइकं त्यामुळं तुटली ती तुटलीच. ऑगस्टात महापूर. पुणे-बेंगळुरू हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली. पाणी उतरल्यावर चिखल भरलेल्या शॉकअपांची रांग लागली, स्पोर्ट्स कार नाही, मोटारसायकली आणि टेंपो. त्या कामानं वर्ष निघालं. लॉकडाऊनमध्ये शेड बंद, मशिनचा हप्ता चालू. त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच.

आता आम्ही पाच जण आहोत. प्रत्येक गाडीचं एक पान रजिस्टरात असतं : चार कोपऱ्यांची वजनं, स्प्रिंगा, चकत्यांची चळत वरून खाली, अलाइनमेंटची मापं. त्या पानाचा नंबर शॉकअपच्या नळीवर पिवळ्या रंगात टाकतो. गेल्या महिन्यात बेळगावहून एका अनोळखी माणसाचा फोन आला. टू-सीटर घेतलीय, चाक काढलं तर आत १४ लिहिलंय आणि खाली तुमचा फोन नंबर, हे काय आहे? मी रजिस्टर काढलं, १४ नंबरचं पान उघडलं. साहेबांनी गाडी विकली हे आम्हाला तेव्हा कळलं. पुढून घाटात काही आवाज येतो का, विचारलं. थोडा येतो म्हणाले. किलोमीटर विचारले, तारीख बघितली आणि म्हटलं, घेऊन या, बुशं झाली असतील. आणि येताना तुमचं वजन तेवढं सांगून ठेवा.