आधी पाणी बघा, मग धोबी

गोव्याला चाललोय म्हटलं की लोक किनारा कुठला ते विचारतात. मी वाळपई म्हणालो. तिथे, सत्तरी तालुक्यात, नात्यातल्या एका काकांचं कुळागर आहे. वर माड-पोफळी, खाली केळी, पोफळींवर चढलेली मिरी आणि मधून ओहोळाचं पाणी फिरवणारा पाट.

त्या पाटावरच करडा धोबी हा पक्षी होता. पाठ राखी, पोट पिवळं, शेपटी अंगाच्या मानाने भलतीच लांब. जेमतेम 20 ग्रॅमचा जीव, पण दगडावर बसला तरी शेपटीचं खालीवर चालूच. दोन पावलं धावायचा, किडा टिपायचा आणि कोणी जवळ आलं की टोकदार आवाज काढत, हेलकावे घेत पुढच्या वळणावर जाऊन उतरायचा. याची घरटी हिमालयात आणि त्याच्याही उत्तरेला, थंड ओढ्यांच्या काठी.

“चवथीच्या सुमाराला येतो. दरवर्षी ह्याच टप्प्यात. दुसरा आला तर हाकलून लावतो,” काका म्हणाले. अभ्यासकांनी ओळखीसाठी पायात वाळे घातलेले धोबी पुढच्या हिवाळ्यात नेमके त्याच जागी परतल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे काकांचं बोलणं मी मुकाट्याने वहीत उतरवलं.

पोफळींच्या गर्द सावलीत, पाचोळ्यात, रानधोबीही दिसला. छातीवर दोन काळे पट्टे. हा आणखी वेगळा, शेपटी खालीवर न हलवता डावीउजवीकडे झुलवतो.

परतताना करमळीच्या तळ्यावर थांबलो. स्टेशन अगदी शेजारीच. तिथे ओसरलेलं पाणी, चिखल, चरणारी गुरं आणि गुरांच्या पायांत पिवळ्या धोब्यांचा थवा. करडा मात्र एकही नाही. दोघांचं पोट पिवळं, म्हणून नवखे गोंधळतात. मी आधी पाणी बघतो. खळाळतं, दगडगोट्यांचं असेल तर बहुतेक करडा, साचलेलं किंवा दलदल असेल तर पिवळा. चोडणचं सलीम अली अभयारण्यही जवळच आहे, पण तिथे खारफुटी. तिथे मी खंड्यांसाठी जातो, धोब्यांसाठी नाही.

जायचं तर एप्रिलच्या आत जा. नंतर ही मंडळी उत्तरेकडे निघालेली असतात. मागे उरतो तो काळापांढरा मोठा धोबी, बारमाही इथलाच. त्याच्यासाठी कोणी मुद्दाम प्रवास करत नाही, पण गाण्यात तो या सगळ्या पाहुण्यांपेक्षा सरस आहे.