हीटर की चहा?

फेब्रुवारीत इटलीतल्या सिसिली बेटावर जायचं ठरवलं ते स्वस्त पडतं म्हणून, आणि ‘दक्षिण युरोप आहे, एवढी काय थंडी असणार’ या माझ्याच वाक्याच्या भरवशावर. स्वेटर एकेकच घेतला. ते वाक्य नवऱ्याने मला आठ दिवसांत किमान वीसदा ऐकवलं.

गंमत म्हणजे थंडी बाहेर नव्हतीच. आम्ही राहिलो त्या सिराक्यूज शहरात दुपारी १५-१६ अंश, लख्ख ऊन. थंडी होती घरात. शहराच्याच ऑर्तिजा या छोट्या बेटावरच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर खोली घेतली होती. जाड दगडी भिंती, उंच छत, गुळगुळीत फरशी. मे-जूनमध्ये स्वर्ग असणार. फेब्रुवारीत त्या फरशीवर अनवाणी पाय टेकला की कळ थेट दाढेत जायची. मालकीणबाईंनी चाकं लावलेला एक हीटर दिला आणि गोड हसल्या. त्या हसण्याचा अर्थ रात्री कळला.

हीटर लावला, चहासाठी किटली लावली, आणि खट्! अंधार. इटलीत साध्या घराची वीजजोडणी बहुतेक ३ किलोवॉटचीच असते. आमचा हीटर २ चा, किटली २ ची. मीटर तळमजल्यावर. शाल गुंडाळून, मोबाइलच्या उजेडात जिने उतरले, तर तिथे सगळे मीटर एकसारखे. माझी खुडबुड ऐकून शेजारच्या दारातून एक आजोबा बाहेर आले. अंगात ओव्हरकोट, गळ्यात मफलर. टीव्ही आत चालूच. म्हणजे ही मंडळी घर तापवतच नाहीत, स्वतःलाच गुंडाळून घेतात! त्यांनी आमची कळ वर केली, मला दोन बोटं दाखवली आणि त्यातलं एक मिटलं. दोन्ही एकदम नाही, बाई.

तेव्हापासून आधी चहा, मग हीटर.

आणि दिवसभर घराबाहेर. तावोर्मिना गावाची सहल पावसात वाहून गेली, नोतो गावाला बसने जाऊन आलो. बाकी सगळा वेळ ऑर्तिजाच्या कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर, उन्हात, बाजारातली लाल गराची संत्री सोलत. गर्दी नाही, सेल्फीवाले नाहीत. निम्मी हॉटेलंही बंद, त्यामुळे संत्र्यांवरच भर. हे कॅथेड्रल मुळात इसवी सनापूर्वी ५ व्या शतकातलं अथेना या ग्रीक देवीचं देऊळ. खांबांमधल्या मोकळ्या जागा भिंत घालून बुजवल्या आणि चर्च तयार! समोरचा नक्षीदार भाग १६९३ च्या भूकंपानंतरचा, पण बाजूच्या गल्लीत गेलं की जाडजूड ग्रीक खांब भिंतीत अर्धे रुतलेले दिसतात. आत तर ते इतके जवळ की हात लावता येतो. मी लावला. बर्फासारखा गार. तरी बराच वेळ हात काढवेना. अडीच हजार वर्षं देव बदलले, छप्पर खांबांनी धरूनच ठेवलंय. गल्ली सावलीत असल्याने नवरा मात्र ‘पाहिलं ना, चल उन्हात’ एवढंच म्हणाला.

शेवटच्या रात्री सामान भरताना मी हीटर लावला. नवरा अंघोळीला गेलाय, गीझर चालू आहे, हे विसरून किटलीचं बटणही दाबलं. खट्. बाथरूममधून साबणाच्या फेसातली मराठी ऐकू आली, आणि जिन्याच्या तळाशी दार उघडल्याचा आवाज.

“सिन्योरा! लूचे?” बाई, वीज?