डाव्या सिलमधल्या पाण्याचा माग लागला, पण पत्र्याचा बेत बदलावा लागतो आहे

मागच्या नोंदीत माझ्या गाडीच्या डाव्या सिलच्या मागच्या टोकाशी, म्हणजे दाराखालची ती पेटी मागच्या व्हील आर्चला, चाकावरच्या कमानीला, मिळते त्या कोपऱ्यात, रंगाखाली पुन्हा फोड आल्याचे लिहिले होते. हा कोपरा आधीच्या मालकाच्या काळात एकदा दुरुस्त झालेला आहे, आणि बाहेरून रंग शाबूत असतानाही सिल आतून ओली असते हे एन्डोस्कोपने, म्हणजे छिद्रातून आत घालायच्या नळीच्या कॅमेऱ्याने, दिसले होते. पाणी येते कुठून, हे मात्र कळत नव्हते. आता ते कळले आहे. मागचे चाक पाणी उडवते म्हणून हा कोपरा सडला, असा समज मी धरून होतो आणि तुमच्यापैकी बहुतेकांचाही तोच कयास असेल. प्रत्यक्षात पाणी पुढच्या काचेखालून शिरते, सिलच्या पोटातून मागपर्यंत वाहत जाते आणि तिथे तुंबून राहते.

आधी त्या जुन्या दुरुस्तीच्या ठिगळाविषयी लिहितो, कारण पाण्याचा शोध त्यानेच सुरू झाला. पातळ कापडात गुंडाळलेले लहान चुंबक त्या भागावरून फिरवले, तेव्हा खालच्या कडेला ते घट्ट धरत होते आणि वरच्या वळणावर आले की गळून पडत होते. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकले असता शेजारचा पत्रा खणखणीत वाजत होता आणि इथे मात्र भद्द आवाज येत होता. पुटी, म्हणजे खड्डे बुजवायचा लेप, खरवडून काढली, तेव्हा काही ठिकाणी तिची जाडी बोटाएवढी भरली. तिच्याखाली ठिगळ निघाले, ठिगळाखाली मूळ पत्रा तसाच सोडलेला निघाला, आणि या दोहोंच्या मधल्या फटीत भिजून वाळलेल्या वहीच्या पानांसारखे काळपट तपकिरी पापुद्रे होते, जे चिमटीत धरून अलगद उपसता येत होते. ज्याने कोणी हे काम केले त्याने सडलेला भाग कापलाच नव्हता. वरून पत्रा चढवून कडेने वेल्डिंगचे टाके मारले, टाक्यांमधली जागा पुटीने बुजवली आणि रंग दिला.

असे वरून चढवलेले ठिगळ उघड्या पत्र्यापेक्षाही लवकर का सडते, हे एकदा नीट समजून घेण्यासारखे आहे. दोन पत्र्यांमधल्या अरुंद फटीत पाणी केशाकर्षणाने ओढले जाते आणि हवा खेळत नसल्यामुळे ते सुकत नाही. फटीच्या तोंडाशी ऑक्सिजन भरपूर असतो, आत खोलवर मात्र तो संपतो, आणि एवढ्या फरकावर त्या जागी एक छोटा विद्युतघट तयार होतो, ज्यात ऑक्सिजन कमी असलेला आतला भाग ॲनोड बनून झिजत जातो. पाण्यात मीठ असेल तर त्याची विद्युतवाहकता वाढते आणि झीज अधिकच वेगाने होते. तयार होणारा गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा व्यापतो, त्यामुळे तो दोन्ही पत्र्यांना फाकवतो, फट रुंद होते आणि आणखी पाणी आत जाते. शिवाय पॉलिस्टर पुटी ओल शोषते, म्हणजे वरचे झाकणही ओलच धरून बसते. चाकाच्या कमानीखाली साचलेला चिखलही हेच करतो. चिखलाखालचा पत्रा बाजूच्या उघड्या पत्र्याआधी जातो, तो याच कारणाने.

ठिगळ निघाल्यावर आतल्या सिलचा तळ दिसला आणि तिथे पाणी होते. गाडी बरेच दिवस पावसात निघालेली नव्हती, फक्त धुतली गेली होती, म्हणजे हे पाणी चाकाने उडवलेले असणे शक्य नव्हते. तेव्हा पत्र्याचे काम थांबवून आधी गळती शोधायची असे ठरवले. गालिचा, दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी आणि सिलमधली रबरी बुचे काढून टाकली आणि बारीक धारेने एकेका भागावर पाणी सोडत खालून वर गेलो. खालून सुरुवात करणे आवश्यक असते, कारण वरून पाणी टाकले की ते खालच्या सगळ्या सांध्यांवरून ओघळते आणि नक्की कोणता सांधा गळतो हे समजत नाही. व्हील आर्चवर पाणी सोडले, सिल कोरडी राहिली. मागच्या दाराच्या रबरावर सोडले, तरी कोरडीच. मागच्या काचेचीही तीच गत. शेवटी काउलमध्ये, म्हणजे पुढच्या काचेखाली वायपरच्या बुडाशी असलेल्या पन्हळीत पाणी ओतले आणि थोड्या वेळाने सिलच्या पुढच्या बुचाच्या छिद्रातून ओघळ दिसू लागला.

ओघळ दिसला तरी वाट कळली नव्हती. त्यासाठी कूलंटची गळती शोधायला वापरतात तो अतिनील प्रकाशात चमकणारा रंग पाण्यात मिसळला. तेलासाठीचा वेगळा असतो, पाण्यात विरघळणाराच घ्यावा. पुढच्या मडगार्डच्या आतले लायनर (अस्तर) काढले आणि अंधार करून अतिनील टॉर्च मारली. काउलच्या निचऱ्याच्या तोंडापासून हिरवी रेघ निघून मडगार्डमागच्या खळग्यात उतरत होती, तिथे पालापाचोळ्याचा कुजून झालेला मातीसारखा लगदा हिरवागार उजळला होता, आणि त्याच्या वरच्या पातळीला, ए-पिलरच्या (पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबाच्या) बुडाशी, सीम सीलरला, म्हणजे पत्र्यांचे सांधे बुजवणाऱ्या लेपाला, गेलेली केसाएवढी भेग स्पष्ट चमकत होती. लगद्याने निचरा अडवला की पाण्याची पातळी भेगेपर्यंत चढत असे आणि पाणी सिलमध्ये उतरत असे. गाडी उभी करतो त्या जागेला थोडा चढ आहे आणि तिचे तोंड चढाकडे असते, त्यामुळे पाणी मागच्या टोकाकडे जात असे. या छंदात इतका निखळ आनंद क्वचितच वाट्याला येतो, हे मान्य करायला हरकत नाही.

तरीही मागच्या टोकाला निचऱ्याची छिद्रे असतातच, मग पाणी बाहेर का पडत नव्हते? गाडीखाली आडवा होऊन पाहिले तर सिलच्या खालच्या कडेची छिद्रे दिसतच नव्हती. त्यांच्यावर डांबरी अंडरकोटचा, म्हणजे गाडीच्या तळाला फासतात त्या लेपाचा, जाड थर बसला होता. उजव्या बाजूच्या छिद्रांवरून अंतर मोजून डावीकडच्या थरात ताठ तार खुपसली, तेव्हा पेलाभर तपकिरी पाणी हातावर आले. या डांबरी अंडरकोटविषयीचे माझे मत पूर्वीपासूनच चांगले नाही. नवा असताना तो लवचीक असतो; जुना झाला की कडक होतो, त्याला चिरा जातात, चिरांतून पाणी पत्र्यापर्यंत पोहोचते आणि मग तोच थर त्या पाण्याला सुकू देत नाही. खालून सगळे काळेभोर आणि एकसारखे दिसते म्हणून जुनी गाडी घेणारा समाधानाने उठतो. गाडी घेताना ताजा काळा अंडरकोट दिसला, तर त्याखाली काय झाकले आहे हे मी तरी आधी विचारीन.

आता पत्र्याकडे वळतो, कारण खरी डोकेदुखी तिथेच आहे. मूळ बेत असा होता की तयार दुरुस्ती पॅनल आणून बाहेरची सिल मागच्या दाराच्या मध्यापासून मागपर्यंत पूर्ण बदलायची. पॅनल आले आणि गाडीला लावून पाहिले. मूळ पत्रा कॅलिपरने ०.८ मिमी भरतो, हे पॅनल त्याहून पातळ आहे. दाराखालून जाणारी उठावाची रेघ मूळ रेघेशी जुळत नाही आणि मूळ सिलची धारदार घडी इथे गोलसर झाली आहे. पुरवठादाराने छायाचित्रात दाखवलेले पॅनल आणि पाठवलेले पॅनल एकाच साच्यातले असावे, असे मला वाटत नाही. परत पाठवण्याचा विचार होता. पण खालची फ्लँज (सांध्यासाठी दुमडलेली कड) आणि तळाचे वळण बरोबर आहे, म्हणून उठावाच्या रेघेखालचा तेवढाच पट्टा वापरायचा आणि वरचा मूळ पत्रा चांगला आहे तिथवर राखायचा, असे ठरवले. सांधाही त्यामुळे रेघेखाली सपाट भागात येईल, जिथे तो घासून सपाट करणे सोपे जाते.

आतल्या सिलचा सडलेला तळ मात्र स्वतःच घडवावा लागणार. पुठ्ठ्याचा नमुना कापून झाला आहे आणि पत्रा वाकवून बसवून पाहिला आहे. फ्लँजची एक बाजू अजून थोडी वळवायची आहे. सिल ही शोभेची पट्टी नाही, सांगाड्याचा भार वाहणारी पेटी आहे, त्यामुळे कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवी आणि तिरपी नळी टाक्यांनी बांधून घेणार आहे. दाराभोवतीच्या फटी मोजून कागदावर लिहून ठेवल्या आहेत. गाडी टायरवर किंवा चार ठिकाणी नीट टेकवून ठेवली नाही आणि सिल कापली, तर चौकट बसते आणि मग दार कधीच नीट लागत नाही.

कापायची हद्द कुठे आखायची, यावर बराच वेळ गेला. तारेच्या ब्रशने घासलेला गंज फसवतो. तो चकचकीत होतो आणि धातूच दिसतो. म्हणून ब्रश बाजूला ठेवून नायलॉनच्या जाळीदार स्ट्रिप डिस्कने रंग उतरवला, जी पत्रा फारसा खात नाही, आणि मग अणकुचीदार टोच्याने दर बोटभर अंतरावर दाबून पाहिले. टोच्या रुतला तो भाग जाणार. ग्राइंडरला लावायची सँडपेपरच्या पाकळ्यांची फ्लॅप डिस्क या कामाला नको. पातळ पत्रा ती बघता बघता आणखी पातळ करते. जिथे पत्रा जाड आहे पण पृष्ठभागावर खड्डे पडले आहेत, तिथे फॉस्फरिक आम्लाचे द्रावण लावून खड्ड्यांतला गंज काढतो, मग भरपूर पाण्याने धुऊन लगेच हीट गनने सुकवतो. आम्लाचा अंश राहिला तर वरचा इपॉक्सी प्रायमर नीट धरत नाही. टॅनिक आम्लाचे कन्व्हर्टरही माझ्याकडे आहे. ते गंजाचे निळसर काळे फेरिक टॅनेट करते आणि दिसायला फार समाधान देते. पण पापुद्रे सुटलेल्या गंजावर ते फक्त वरचा थर पालटते, खालचा तसाच राहतो. पोकळ पेटीत जिथे हात पोहोचत नाही तिथेच ते वापरीन.

वेल्डिंगसाठी मिगमध्ये (तार आपोआप पुढे सरकवणाऱ्या वेल्डिंग यंत्रात) ०.६ मिमी तार आणि आर्गॉन–कार्बन डायऑक्साइड मिश्रण ठेवले आहे. गॅसविना चालणाऱ्या फ्लक्स तारेने एवढ्या पातळ पत्र्यावर भोके पडतात. कडा एकमेकींसमोर आणून, मध्ये तारेच्या जाडीएवढी फट ठेवून, दूरदूरचे टाके मारत जायचे आणि मधल्या जागा गार होऊ देत भरायच्या. फ्लँजवर जस्तयुक्त वेल्ड-थ्रू प्रायमर, म्हणजे ज्याच्यावरूनच वेल्डिंग करता येते तो, लावणार. पण त्याच्यावर फार भरवसा नाही. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि पोलाद वितळायला साधारण १५०० अंश लागतात, म्हणजे टाक्याच्या अगदी लगतचे जस्त उडूनच जाते. तो धूर फुप्फुसांत गेला तर ताप भरतो, तेव्हा मुखवटा आणि हवा हवीच. बॅटरी सोडवणे आणि सांध्याच्या आसपासचे डांबर व सीलर दूरवर खरवडणे हेही आधी, कारण ते पेट घेते.

हे लिहितानाच व्हील आर्चच्या ओठाबद्दल विचार बदलला. बाहेरची आणि आतली कमान जिथे दुमडून मिळते, तिथे टाके मारले तर दोन पत्र्यांमधली तीच ती फट पुन्हा तयार होईल, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने आतले संरक्षण जळल्यावर तिथे रंग पोहोचवण्याची सोय नाही. त्याऐवजी ओठावर पॅनल बाँडिंगचा दोन घटकांचा इपॉक्सी चिकट द्रव वापरावा असे आता वाटते आहे. दोन्ही पत्रे उघड्या धातूपर्यंत स्वच्छ करून, द्रव पसरून क्लॅम्पने दाबले की फट आपोआप भरते आणि उष्णतेने पत्रा वाकडा होण्याचा प्रश्नही मिटतो. सिलच्या बाबतीत मात्र हा मोह टाळणार. भार वाहणारा सांधा, कारखान्याने सांगितले नसताना, गोंदावर सोडायचा नाही.

टेलगेटच्या खालच्या कडेचे आणि बॉनेटच्या टोकाचे दगड लागून झालेले डाग इपॉक्सीपर्यंत झाले आहेत, त्यात सांगण्यासारखे काही नाही. ए-पिलरच्या बुडाशी जुना सीलर काढून, पत्रा कोरडा करून, प्रायमरवर पॉलियुरेथेन सीलर भरला आहे. काउलच्या निचऱ्यावर जाळी बसवण्याचा विचार सोडून दिला, कारण जाळीच तुंबेल. त्यापेक्षा लायनरचे दोन स्क्रू सोडले की हात जाईल अशी व्यवस्था ठेवून दर हंगामात पाचोळा काढीन.

पोकळीत मेण मारण्याचे काम सर्वांत शेवटी, रंग पूर्ण सुकल्यावर, कारण मेण आधी मारले तर वेल्डिंग आणि रंग दोन्ही बिघडतात. सर्व दिशांना फवारणारी लांब नळी मिळाली आहे. मेण मारताना निचऱ्याच्या छिद्रांत तार घालून ठेवणार, नाहीतर जे डांबराने केले तेच मेण करील.

एक काम मात्र वेळापत्रकात वर सरकले आहे. ज्या हाताने डाव्या बाजूला डांबर फासले त्यानेच उजव्या बाजूलाही फासले असणार, आणि उजवीकडची छिद्रे उघडी दिसतात म्हणून तिकडचा काउल निचराही मोकळा असेल असे गृहीत धरता येत नाही. तेव्हा डाव्या सिलवर ग्राइंडर लावण्याआधी उजवे लायनर काढून तिकडेही रंगीत पाणी सोडून पाहणार आहे. तिथेही हिरवी रेघ निघाली तर दोन्ही सिल एकाच वेळी कापायच्या नाहीत. डावी पूर्ण जोडून, आडव्या नळ्या काढून, दाराच्या फटी पुन्हा मोजून मगच उजवीला हात लावीन.