भैरवी शेवटीच हवी

सोलापूरचे ऊन दुपारी दारे-खिडक्या लावून घ्यायला भाग पाडते, त्या मे महिन्याच्या दिवसांत मी माझा संपूर्ण संगीतसंग्रह नव्याने लावायला बसलो. वडिलांच्या कॅसेटींवरून उतरवून घेतलेले, सीडींवरून काढलेले आणि पुढे विकत घेतलेले असे जवळपास चार हजार ट्रॅक होते. आवडीनुसार त्यांना पूर्वी दिलेले एक ते पाच तारे मात्र एकाही ट्रॅकवर उरले नव्हते. कित्येक वर्षे मन लावून दिलेले हे तारांकन प्लेअरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये साठत होते, फाइलमध्ये नव्हे, आणि संगणक बदलला तेव्हा गाणी तेवढी नव्या यंत्रावर आली.

म्हणून या वेळी पहिली काळजी ही घेतली की, तारे फाइलच्या टॅगमध्येच, म्हणजे गाण्याची माहिती फाइलमध्येच साठवणाऱ्या नोंदीत, लिहिले जावेत. एमपी३च्या आयडी३ टॅगमध्ये त्यासाठी पीओपीएम नावाची जागा असते आणि तिच्यात १ ते २५५ पर्यंतचा आकडा बसतो. पाच तारे म्हणजे बहुधा २५५, पण मधल्या ताऱ्यांचे आकडे प्रत्येक प्लेअर आपापल्या पद्धतीने ठरवतो, त्यामुळे एकाचे चार तारे दुसऱ्याकडे साडेतीन दिसू शकतात. दहा-वीस फाइलींवर हे तपासून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नावांची शिस्त लावण्यात सर्वाधिक वेळ गेला. ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि ‘पंडित भीमसेन जोशी’ हे प्लेअरच्या लेखी तीन वेगळे गायक असतात. जुन्या फाइलींमध्ये १९९६ सालच्या पहिल्या आयडी३ पद्धतीचे टॅग होते. त्यात शीर्षकाला अवघे ३० बाइट मिळतात आणि देवनागरीची सोयच नाही, म्हणून मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसे. ते टॅग पुसून नव्या पद्धतीचे लिहिले, तेव्हा अभंगांची नावे प्रथमच पडद्यावर नीट वाचता आली.

तारे देताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हे मला पुन्हा किती लवकर ऐकावेसे वाटेल? गायन किती थोर आहे, हा प्रश्न मी त्यात आणत नाही. तासाभराचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल माझ्या दृष्टीने अमूल्य असतो, तरी तो वर्षातून दोनदाच ऐकण्याची मनाची तयारी असते, म्हणून त्याला तीन तारे. स्वयंचलित यादीचा, म्हणजे दिलेल्या अटींवरून प्लेअर आपोआप बनवतो त्या यादीचा, नियम याच उत्तरावर चालतो: चार किंवा अधिक तारे, गेल्या तीस दिवसांत न वाजलेले, आणि त्यांतले सर्वांत आधी ऐकलेले पंचवीस.

एवढ्यावर रागसंगीताचे भागत नाही. अल्बम, कलाकार आणि गाणे या तीन रकान्यांत रागाला जागाच नसते. मी ‘ग्रुपिंग’ या रकान्यात रागाचे नाव आणि प्रहर लिहिला. तोडी सकाळी, मारवा सूर्यास्ताला, यमन रात्रीच्या पहिल्या प्रहरी, मालकंस उत्तररात्री. आता हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी पुण्याला निघालो की सकाळची यादी आपोआप तयार असते. कुर्डुवाडी येईपर्यंत भैरव संपलेला असतो आणि दौंडच्या सुमारास तोडी रंगात आलेली असते. एकाच रागातला संथ बडा ख्याल आणि त्यामागून येणारा जलद छोटा ख्याल मात्र जोडून एकच फाइल करावी लागली, कारण यादी उलटसुलट वाजू लागली की विलंबितामागून भलत्याच रागाची द्रुत बंदिश येई.

भाषेचा रकाना भरण्याचे कारण आमचे शहर. इथे घराघरांत मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगू बोलली जाते, आणि सोलापूरचे ग्रामदैवत असलेल्या संत सिद्धरामेश्वरांची वचने, म्हणजे त्यांच्या भक्तिपर रचना, कन्नडातली आहेत. जानेवारीत त्यांची गड्ड्याची यात्रा भरते, त्या दिवसांत ‘कन्नड’ आणि ‘वचन’ एवढ्या दोन अटींवर यादी तयार होते, आणि तिच्यात मल्लिकार्जुन मन्सूर यांनी गायलेली वचने सर्वांत आधी येतात.

अडचण उरली ती भैरवीची. शास्त्राने ती सकाळची, पण मैफलीची सांगता तिनेच करायची ही आपली रीत. यादीने एका रविवारी सकाळी तिला पहिल्याच क्रमांकावर आणले आणि तिच्यानंतर वाजलेला उत्तम जौनपुरीही मला फिका लागला. भैरवीनंतर कान दुसरे काही घ्यायलाच तयार नसतात. त्या दिवसापासून प्रत्येक स्वयंचलित यादीत ‘राग भैरवी नसावा’ अशी एक अट आहे. सगळ्या भैरव्या मी एका वेगळ्या, हाताने लावलेल्या यादीत ठेवल्या आहेत आणि ऐकणे थांबवायचे ठरले की त्यांतली एक निवडून लावतो.