कासच्या सड्यावर, वाटेच्या कडेने

साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढलं की रस्ता डोंगरमाथ्यावरून पश्चिमेकडे जातो आणि साधारण २५ किलोमीटरवर कासचं पठार लागतं. तिथल्या पावसाळी फुलांचे फोटो कसे काढावेत, त्याबद्दल हे चार शब्द. उंची सुमारे १२०० मीटर. घाटातच गाडीचा एसी बंद करून काचा खाली घ्याव्यात. थंडगार लेन्स वरच्या दमट हवेत बाहेर काढली की तिच्यावर बाष्प धरतं, पुसलं की पुन्हा धरतं, आणि आतल्या काचेवर धरलं तर १५-२० मिनिटं काहीच करता येत नाही. बॅगेची चेन न उघडता तिला बाहेरच्या हवेची सवय होऊ द्यायची, मग कॅमेरा काढायचा.

हंगामात प्रवेशासाठी ऑनलाइन नोंदणी लागते. शनिवार-रविवार टाळावेत, मधल्या वारी सकाळची पहिली वेळ सगळ्यांत चांगली, कारण नऊनंतर वारा वाढतो आणि वाटांवर माणसंही. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलं असतात, पण रंग एकदम येत नाहीत. गेंदाचा पांढरा, सीतेच्या आसवांचा जांभळा आणि तेरड्याचा गुलाबी आधी दिसतात; सोनकी आणि मिकी माउस नावाने ओळखला जाणारा कवळा यांचा पिवळा जोर साधारणपणे नंतर धरतो. पावसाच्या मानाने हे आठ-पंधरा दिवस मागेपुढे होतं. टोपली कारवीचं गणित वेगळंच, ती सात वर्षांनी एकदा सामूहिक फुलते.

इथे फोटो कसा काढायचा हे जमीन ठरवते. कास म्हणजे जांभ्या दगडाचा सडा, उघड्या खडकाचा सपाट माथा. खडकावर मातीचा थर जेमतेम, कित्येक ठिकाणी एका इंचाहून कमी, आणि त्यात पावसाळाभर पाणी साचलेलं. एक पाऊल पडलं तरी तो थर सुटतो, आणि त्यातलं बी त्याच्याबरोबर जातं. २०१२ साली पश्चिम घाटातली जी स्थळं युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली त्यांत कास आहे, ते याच पातळ थरावर वाढणाऱ्या वनस्पतींमुळे. म्हणून पाय वाटेवरच ठेवायचे. म्हणजेच लेन्स, अंतर, कोन, सगळं वाटेच्या कडेवरून जमेल असंच निवडायचं. फुलांत बसून काढलेला फोटो कितीही देखणा असला तरी मला तो बघवत नाही.

अंतराचा हिशोब करू. १०० मिमीची मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स १:१ प्रमाणावर, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरवर फूल खऱ्याएवढंच पडेल अशी, नेली की फूल लेन्सच्या तोंडापासून जेमतेम वीतभर, बऱ्याचदा त्याहूनही कमी अंतरावर असावं लागतं. वाटेला लागूनच असलेल्या फुलासाठी ती उत्तम, हातभर आत असलेल्या फुलासाठी निरुपयोगी. माझी पसंती ७०-३०० मिमीची झूम आणि तिच्या तोंडावर फिरवून बसवलेली +२ डायऑप्टरची (डायऑप्टर म्हणजे भिंगाच्या शक्तीचं एकक) दोन भिंगांची क्लोज-अप लेन्स. झूमचा फोकस अनंतावर असताना या जोडीने अर्धा मीटर अंतरावरचं फूल टिपता येतं, आणि प्रमाण काढायला फोकल लांबी मीटरमध्ये घेऊन डायऑप्टरने गुणायची: ०.३ गुणिले २, म्हणजे ०.६. सीतेच्या आसवांचं फूल सेंटिमीटरभर असतं; ते ३६ मिमी रुंदीच्या फुल-फ्रेम सेन्सरवर सहा मिलिमीटर पडतं, फ्रेमच्या रुंदीचा सहावा भाग. देठ, शेजारची फुलं आणि ओली माती यांना जागा उरते, आणि ती उरायलाच हवी. एकाच भिंगाची स्वस्त क्लोज-अप लेन्स ३०० मिमीवर कडांना जांभळी-हिरवी झाक देते, ती टाळा. एक्स्टेन्शन ट्यूबचा, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणाऱ्या पोकळ नळीचा, लांब लेन्सला फारसा उपयोग नाही: २५ मिमीची ट्यूब ५० मिमीच्या लेन्सवर प्रमाण ०.५ने वाढवते, ३०० मिमीवर जेमतेम ०.०८ने.

मग येतो वारा. इथे वारा थांबत नाही, त्याला खंड पडतो, आणि तेवढ्यात काम करायचं. देठ झुलताना दोन्ही टोकांना क्षणभर थबकतो, बटण तेव्हा दाबायचं. शटर १/५०० सेकंदाहून संथ ठेवू नका. कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण हात हलण्यावर इलाज आहे, फूल हलण्यावर नाही, आणि इतक्या जवळून त्याचा हातालाही उपयोग कमीच होतो. एवढ्या वेगवान शटरसाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ८०० ते १६०० झाला तरी चालेल. दाणेदारपणा नंतर कमी करता येतो, हललेलं फूल सरळ करता येत नाही. देठ चिमट्याने धरून ठेवायचं साधन मिळतं, ते कासवर वापरू नये. इतक्या उथळ मातीत झाड मुळासकट उपटून येतं. अनेक फ्रेम जोडून खोली वाढवण्याचं फोकस स्टॅकिंगही या वाऱ्यात जमत नाही, कारण दोन फ्रेममध्ये फूल जागेवर राहत नाही.

लेन्सचं छिद्र किती ठेवायचं? एफचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान. फुल-फ्रेमवर १:१ला एफ/८ ठेवलं तर स्पष्टतेची खोली जवळपास एक मिलिमीटर, निम्म्या प्रमाणावर जवळपास तीन. एफ/२२ करून ती ताणायचा मोह होतो, पण १:१ला नेहमीच्या मॅक्रो लेन्सचं परिणामी छिद्र आकड्याच्या साधारण दुप्पट होतं, म्हणजे एफ/२२ हे एफ/४४सारखं वागतं आणि विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, सगळाच फोटो मऊ पडतो. एफ/८ ते एफ/११ इथेच थांबावं आणि उरलेलं काम कोनावर सोपवावं. सेन्सरची पातळी फुलाच्या मुख्य पातळीला समांतर आणली की तीच एक-दोन मिलिमीटर पुरतात. कवळ्याच्या पिवळ्या फुलावरचे दोन तांबडे ठिपके एकाच पातळीत असतात. कॅमेरा थोडा जरी तिरपा झाला तर एक कान स्पष्ट आणि दुसरा पुसट येतो. फोकस रिंग फिरवत बसण्यापेक्षा ती एका जागी ठेवून स्वतः किंचित पुढेमागे झुलायचं आणि पाच-सहा फ्रेमची सर सोडायची. त्यातली एक बरोबर बसते.

ढगाळ उजेड फुलांना मानवतो, पण रंग फसवतात. गेंदाची पांढरी बोंडं काळपट मातीवर विखुरलेली असतात. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक मीटर अंधाराकडे बघून फोटो उजळतो आणि बोंडांचे नुसते पांढरे डाग होतात, एक्स्पोजर ०.७ ते १ स्टॉप कमी करावं (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). तेच गेंद फ्रेमभर असतील तर उलट, तेवढंच वाढवावं, नाहीतर ते राखाडी येतात. तेरड्याच्या गुलाबीत लाल रंगाचा चॅनेल आधी भरतो आणि पाकळ्यांवरच्या शिरा जातात. साध्या हिस्टोग्रामला (फोटोतल्या उजेडाच्या आलेखाला) हे कळत नाही, तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावावा. सीतेची आसवं ऑटो व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे रंगांचा तोल कॅमेऱ्यावर सोडला की, निळी पडतात. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल घ्या, त्याच उजेडात राखाडी कार्डाचा एक फोटो काढा आणि घरी त्यावरून रंग बसवा. पानांवरची ओली चकाकी पोलरायझरने जाते, पण तो एक ते दोन स्टॉप उजेड खातो. वारा असेल तर मी तो काढून ठेवतो.

ऊन आलंच तर दवबिंदू नावाच्या कीटकभक्षी झाडाकडे, म्हणजे ड्रॉसेराकडे, वळावं. त्याच्या पानांवरचे थेंब दवाचे नसून चिकट द्रवाचे असतात, त्यामुळे ऊन चढल्यावर गवतावरचं दव गेलं तरी हे टिकून असतात. प्रकाश मागून, पार्श्वभूमी काळी, एक्स्पोजर एक स्टॉप कमी, म्हणजे प्रत्येक केसाचं टोक पेटलेलं दिसतं. अडकलेला कीटक असेल तर फोकस त्याच्यावर. सीतेची आसवंही कीटकभक्षीच, फक्त त्यांचे सूक्ष्म फुगे ओल्या मातीत असतात आणि फोटोत येत नाहीत. या मातीत पोषण नाही म्हणून ही झाडं शिकार करतात. त्यांच्या फोटोत डबकं आणि जांभ्याची कड दिसलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

राजमार्गाच्या जुन्या वाटेने चालत कुमुदिनीच्या तळ्याशी जाता येतं. पांढऱ्या पाकळ्यांची झालरदार कड सकाळीच टवटवीत असते, दुपारनंतर फुलं मिटू लागतात, म्हणून आधी तळं आणि परतताना सडा हा क्रम बरा. गालिच्याचा फोटो हवा असेल तर वाइड लेन्स घेऊ नका. तिच्यात फुलं विरळ आणि माणसं जास्त दिसतात. वाटेवर गुडघे टेकून, स्क्रीन उघडून, २०० मिमीने जवळजवळ जमिनीलगत बघा, मागची-पुढची फुलं एकावर एक दाटतात.

मोबाइलवाल्यांनी मॅक्रो मोड बंद करावा. त्यात बहुतेक फोन अल्ट्रावाइड लेन्सवर जातात, फुलाच्या दोन-तीन सेंटिमीटर जवळ नेतात आणि फोनचीच सावली फुलावर पडते. टेली लेन्सने अर्ध्या मीटरवरून काढून कापलेला फोटो अधिक स्वच्छ येतो. फुलावर बोट दाबून फोकस बांधावा आणि सूर्याचं चिन्ह किंचित खाली ओढावं.

नाव हवं असेल तर एका देखण्या फोटोने भागत नाही. फूल समोरून, बाजूने आणि मागून, म्हणजे निदलपुंज (पाकळ्यांखालची हिरवी दलं) दिसेल असं. पान, त्याचा देठ, पूर्ण झाड आणि आजूबाजूची जमीन, असे सहा-सात फोटो लागोपाठ काढावेत. कवळ्याच्या जाती निदलांवरच्या केसांवरून आणि पर्णिकांवरून (पानातल्या छोट्या पानांवरून) वेगळ्या करतात, समोरून सगळी मिकी माउसच. गेंदाच्या जातींसाठी तर फुलाचे सूक्ष्म भाग आणि बी बघावं लागतं, तेव्हा तिथे फोटोवर फक्त ‘गेंद’ लिहून थांबणंच प्रामाणिक. आणि आमरी किंवा कंदीलपुष्प मिळालं तर फोटो टाकण्याआधी त्यातली जीपीएसची नोंद पुसावी. कंद उकरून नेणाऱ्याला तेवढा पत्ता पुरतो.