इंजिन उतरवायचं राहिलं

आजचा रविवार तिघरा धरणावर, एका जुन्या बोटीच्या इंजिनात डोकं खुपसून गेला. काकांना कुणीतरी सांगून ठेवलेलं, "तेल गळतंय म्हणजे मागचं सील, तेल अडवणारी रबरी कडी, गेलंय. इंजिन उतरवावं लागेल." खर्च ऐकून काका गारच!

मला काही पटेना. बोटीतलं इंजिन मागे कललेलं बसवतात, त्यामुळे गळती कुठूनही असो, तेल ओघळत मागच्या जड चाकापाशी, म्हणजे फ्लायव्हीलपाशीच जमतं. बदनाम होतं ते तिथलं सील.

आधी बिल्ज पंप, म्हणजे बोटीच्या तळातलं पाणी बाहेर फेकणारा पंप, बंद केला. ग्वाल्हेर हेच पाणी पितं, त्यात तेल कशाला? गळलेलं तेल काळं होतं. गिअरबॉक्समधलं लाल, म्हणजे तो सुटला. ब्रीदरची, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणारी, नळी चोंदली की आतला दाब चांगल्या सीलमधूनही तेल ढकलतो, पण नळी मोकळी होती. मग सगळं धुऊन, पुसून, कोरडं करून वर टाल्कम पावडर मारली. काकूंचीच, चंदनाची. बोट बांधलेलीच ठेवून इंजिन तापू दिलं आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत गेलो. तेलाचा दाब मोजणाऱ्या सेंडरखाली पांढऱ्या पावडरीत एक काळी रेघ हळूहळू उतरत होती. खाली सीलपाशी पावडर कोरडी ठणठणीत.

"एवढंसं?" काका म्हणाले.

हो, एवढंसंच. पण तिथवर पाना पोचवताना कोपर सोलवटलं ते वेगळं.