नोंद चौथी : टोपीभर पिसं आणि टॉम मॉरिस

जुन्या पद्धतीने पिसं भरलेले गोल्फचे चेंडू करायचा खटाटोप चाललाय, आणि तिसऱ्या चेंडूचीही शिवण उसवली. पिसं जवळजवळ सगळी आत गेल्यावर, अगदी शेवटच्या दोन टाक्यांत.

पद्धत तीच. तुरटीच्या पाण्यात भिजवलेल्या कातड्याचे तीन तुकडे, उलटीकडून शिवून भोकातून पालटलेले. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचे कारागीर बैलाचं कातडं घेत, मी म्हशीचं घेतलंय. पिसं उकडून ओलीच ठासायची. वाळताना कातडं आवळतं, पिसं फुगतात, आणि त्या ओढाताणीतून चेंडू दगडासारखा होतो. एका चेंडूत उंच विलायती टोपीभर पिसं जातात. ठासणीची दांडी छातीने रेटतात हे वाचलं होतं, आता बरगड्यांनाही कळलं. वजन भरलं ३१ ग्रॅम, हवं होतं ४५ च्या आसपास. त्यात पुण्यातला जुलै! फ्रिजच्या मागे चार दिवस ठेवूनही आतला ओलावा जाईना.

तिथला गोल्फपटू टॉम मॉरिस (जन्म १८२१) चेंडू करणाऱ्या ॲलन रॉबर्टसनच्या हाताखाली हेच करत मोठा झाला. हात बसलेला माणूस दिवसाला तीन-चार चेंडू करी. १८४४ साली रॉबर्टसनकडून २,४५६ चेंडू बाहेर पडले. माझे तीन, तेही उसवलेले.

मग १८४८ च्या सुमारास गट्टा-पर्चाचा चेंडू, म्हणजे ‘गट्टी’, आला. मलायातल्या झाडाचा चीक गरम पाण्यात मऊ करायचा, गोल वळायचा, झालं. स्वस्त, पावसाला न भिणारा, चेपला तर पुन्हा वळता येणारा. एकदा खेळताना टॉमचे पिसांचे चेंडू संपले, त्याने सोबत्याचा गट्टी घेतला, हे रॉबर्टसनच्या कानावर गेलं आणि दोघांचं फाटलं, असं सांगतात. मला रॉबर्टसन कोत्या मनाचा वाटायचा. तिसरा चेंडू उसवल्यापासून मी थोडा त्याच्या बाजूने आहे. पुढे त्यानेही गट्टी हाती घेतलाच.

टॉम १८५१ मध्ये स्कॉटलंडमधल्याच प्रेस्टविकला गेला, मैदान राखायला. बारा होलचं मैदान त्यानेच आखलं. १८६० ची पहिली ओपन गोल्फ स्पर्धा तिथेच झाली. आठ खेळाडू, ३६ होल. मसलबराचा विली पार्क १७४ फटक्यांत जिंकला, टॉमला १७६ लागले. नंतर टॉमने ती चारदा जिंकली, त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. मला जास्त ओढ त्याच्या दुकानाची. पुढे सेंट अँड्र्यूजला परतल्यावर अठराव्या ग्रीनलगत (होलभोवतीच्या हिरवळीलगत) थाटलेलं ते दुकान, आणि मैदानाची राखण करायचे वर्षाला ५० पौंड.

चेंडू मारायच्या लांब नाकाच्या काठीचं काम मात्र पुढे सरकलंय. डोकं बीचच्या लाकडाचं, दांडा ॲशचा (हिकरी मिळाली नाही; पण जुने कारागीर ॲशच वापरत, तेव्हा चालेल). पाठीत शिसं ओतलं, तळाच्या पुढच्या कडेला शिंगाची पट्टी बसवली. डोकं मुद्दाम जरा जाड ठेवलंय, कारण टणक गट्टीने जुनी नाजूक डोकी तडकत आणि त्यामुळेच पुढे ती आखूड, जाड होत गेली. दांड्याचा तिरका सांधा तीनदा रंधून जुळला, काल सरस लावून आवळून ठेवलाय.

त्यावर राळ लावलेला दोरा गुंडाळायचा तो रविवारी. टॉमने रविवारी मैदानावर कुणाला खेळू दिलं नाही, पण मला सुट्टी तेवढीच असते.